कोठीतली मेणबत्ती

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

मिस्साहून घरी आलो तर आल्बर्टने केळीची कोठी उघडलेली. चावी माझ्या उशीखाली असते. त्याने ती मागितलीच नाही, कुलूप करवतीने कापलं. म्हणाला, पप्पा, चावी मागितली असती तर तुम्ही आठ दिवस जेवला नसता. ते खरं आहे. पण न मागताही आज घास उतरला नाही.

म्हणून ही वही काढली. मटिल्डा होती तोवर मनातलं तिला सांगायचो. ती जाऊन तीन वर्षं झाली. सून ॲंजेला शाळेत शिकवते, तिनेच वही दिली. म्हणाली, वाटतं ते लिहीत जा, डोक्यातून निघून जाईल. माझी शाळा पाचवीत सुटली. लिहिताना बोटं दुखतात. बघू.

कोठी घराच्या मागे आहे, अर्धीअधिक जमिनीखाली. नऊ पायऱ्या उतरायच्या. माझ्या बाबांच्या वेळी राजेळी केळ्यांचे घड तिथे पेंढ्यात रचायचे, मडक्यात धूर करायचा आणि दार मातीने लिंपून टाकायचं. पाच दिवसांनी उघडलं की केळी पिकलेली. मग मांडवावर सुकत घालून सुकेळी करायची. १९६२ साली माझा थोरला भाऊ बस्त्याव त्या कोठीत उतरला आणि चालत वर आला नाही. एकवीस वर्षांचा होता, लग्न ठरलं होतं. बाबांनी कुलूप घातलं ते आज तुटलं.

आल्बर्टला ती वाइनसाठी हवी आहे. बारा वर्षं तो दिंडोरीला एका वाइनच्या कंपनीत होता. चार वर्षांपूर्वी परत आला आणि मागच्या एक एकरातली केळ काढून द्राक्ष लावली. वसईच्या दमट हवेत द्राक्ष होत नाही असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. त्याने वरंबे उंच केले, पावसाळ्यात वेलींवर प्लास्टिक ताणलं, तीन वर्षं रोगाशी भांडला. यंदा पहिल्यांदा पूर्ण पीक धरलंय. परवानाही आला. आता मार्चच्या उकाड्यात रस उकळायला, म्हणजे आपोआप फसफसायला, ठेवायचा तर गार जागा पाहिजे, आणि कोठीसारखी गार जागा गावात नाही. मी म्हटलं, माझी खोली घे, मी ओट्यावर झोपतो. तो हसला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

कोठी धुऊन चुना लावला. आत काहीच नव्हतं. एवढी वर्षं मला वाटायचं, काहीतरी असेल.

कृष्णाबाई आमच्या वाडीत कामाला आहे, माझ्याच वयाची. ती पायरीवर पाय ठेवायला तयार नाही. पाण्याची बादली दारात ठेवून म्हणाली, "पानी दिलंय. आत मी नाय येनार. तुमच्या आल्बर्टला सांगा, केळ बरी होती. ही येल बघा कशी तारेवर टांगलीय, हात बांधून उभी केल्यासारखी. कापली की रडते पन." छाटणीनंतर वेलीच्या टोकांतून पाणी गळतं, ते तिच्या मनातून जात नाही. आल्बर्टने विचारलं, मावशी, वाइन पिणार की नाही? ती म्हणाली, पिनार की, त्याला कोन नाय म्हनतंय.

मी आल्बर्टला बाबांचा नियम सांगितला. कोठीत उतरण्याआधी दोरीला दिवा बांधून खाली सोडायचा. जळत राहिला तर उतरायचं. विझला तर कोठी भरलेली आहे असं समजायचं, दार उघडं टाकून संध्याकाळच्या घंटेपर्यंत थांबायचं. कशाने भरलेली, ते बाबांनी कधी सांगितलं नाही. आई म्हणायची, आत कुणीतरी असतं, त्याला निघायला वेळ द्यायचा.

आल्बर्टने सगळं ऐकून घेतलं. शेवटच्या पायरीजवळ भिंतीत एक कोनाडा आहे. तिथे तुमची मेणबत्ती ठेवा म्हणाला. मी चर्चमधला असतो तसा लाल काचेचा पेला आणला आणि त्यात मेणबत्ती लावली. जळली. तासभर दारात बसून पाहिलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

बागेवर जाळी टाकली. साळुंक्या फार. आल्बर्ट खिशात एक छोटी दुर्बीण ठेवतो, तिच्यात एक मणी पिळायचा आणि उजेडाकडे धरून साखर बघायची. मला बघायला दिली. मोतीबिंदूमुळे मला नुसतं निळं दिसलं. म्हटलं, छान आहे.

आज धुकं होतं. त्याने धुक्याला शिव्या दिल्या. ॲंजेला म्हणाली, हा माणूस मला सोडून सगळ्यांशी बोलतो, हवेशीसुद्धा.

४ मार्च, मंगळवार

पश्चिमेकडच्या चार ओळी आज तोडल्या. मणी चिरडून सालांसकट दोन पिंपांत भरले. पिंपं गोखिवऱ्याहून आणलीत, निळी, माझ्या छातीएवढी उंच. त्यात त्याने खमीर टाकलं. पावाला टाकतात तसंच, पण वेगळं, असं म्हणाला. उद्यापासून साली वर येऊन जाड थर धरतील. तो दिवसातून तीनदा लाकडी दांड्याने खाली दाबायचा. नाहीतर सगळं आंबून व्हिनेगर.

म्हणजे दिवसातून तीनदा तो खाली जाणार. मी मोजणार.

५ मार्च, राखेचा बुधवार

कपाळावर राख घेऊन आलो. कोठीत डोकावलं तर मेणबत्ती विझलेली. वारा नाही. खिडक्या दोन वितींच्या, त्यांना चिलटं येऊ नयेत म्हणून आल्बर्टने कापड लावलंय. मेण अर्धं शिल्लक.

पिंपं बोलतात. दारात उभं राहिलं की ऐकू येतं. पुष्कळ माणसं लांब कुठेतरी खालच्या आवाजात रोझरी म्हणत असावीत तसं. आल्बर्ट म्हणतो, हा चांगला आवाज आहे, रस जिवंत आहे.

७ मार्च, शुक्रवार

तीनदा लावली, तीनदा विझली. तिसऱ्या वेळी मी डोळ्यांनी पाहिलं. खाली उतरून काडी ओढली, ती धरायच्या आधीच मेली. दुसरी काडी वर धरून पेटवली आणि कोनाड्याकडे नेली, तर ज्योत आखूड झाली आणि कुणी दोन बोटांनी चिमटल्यासारखी गेली. धूर वर गेला नाही. कोनाड्यातून पाण्यासारखा खाली सांडला आणि जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर आडवा पसरून राहिला. हलला नाही. त्याच्याखाली माझे पाय दिसत नव्हते. मी कसा वर आलो ते माहीत नाही. डोकं दुखत होतं, छाती धडधडत होती.

आल्बर्टला सांगितलं, कोठी भरलीय. तो चिडेल असं वाटलं होतं, पण गंभीर झाला. म्हणाला, पप्पा, हे भूत नाही, गॅस आहे. रस उकळतो तेव्हा सुटतो, हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. दिंडोरीला त्यासाठी मोठे पंखे होते. संध्याकाळपर्यंत त्याने खिडकीत पंखा बसवला आणि त्याला खालपर्यंत जाडी नळी जोडली. पंखा चालू केल्यावर पंधरा मिनिटांनी मेणबत्ती लावली. जळली.

मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुमच्या बाबांचं डोकं पक्कं होतं. आता हीच माझी खूण. दारातून मेणबत्ती जळताना दिसली तर उतरेन, नाही दिसली तर पंखा लावून थांबेन. तुमची शपथ."

गॅस मला माहीत आहे. सिलिंडरच्या गॅसला वास येतो. कोठीत वास येतो तो पिकलेल्या केळ्यांचा. द्राक्षांचा नाही, केळ्यांचा. हे त्याला सांगितलं तर म्हणाला, खमिराचा असतो तसा वास. त्याच्याकडे सगळ्याला उत्तर आहे.

९ मार्च, रविवार

आल्बर्टने शपथ पाळली. पण पंखा बंद केला की तासाभरात मेणबत्ती जाते. ती विझलेली दिसली की मला बसवत नाही. तो खाली नसतो, घरात चहा पीत असतो, तरी नाही. पंखा चालवून पुन्हा लावायला जातो. आज पाच वेळा गेलो. पाचव्या वेळी चौथ्या पायरीवर पाय घसरला. गुडघा फुटला.

ॲंजेलाने हळद लावली आणि मग रागावली. म्हणाली, पप्पा, प्रेशरच्या गोळ्या चालू आहेत, दोन दिवस धड जेवला नाहीत, आणि त्या पायऱ्यांवर एकटे चढउतार करता. उद्या तुम्हीच खाली पडून राहिलात तर? मी म्हटलं, मी पडलो तर चालेल. ती म्हणाली, मला नाही चालणार.

मला वाईट वाटलं. पण मेणबत्ती लावायला मी पुन्हा उतरणार, ते तिला सांगितलं नाही.

११ मार्च, मंगळवार

जळते आहे.

सकाळी आल्बर्ट बागेत होता, पंखा बंद होता. मी भीत भीत दारात गेलो. लाल पेल्यात ज्योत हलत होती. दुपारी पाहिलं, संध्याकाळी पाहिलं. दिवसभरात एकदाही गेली नाही. ॲंजेला म्हणाली, आता तुम्ही अजिबात उतरायचं नाही, दारातून बघायचं. मेणबत्ती मी बदलत जाईन. ती काल वसईच्या बाजारातून जाड, चांगल्या मेणाची घेऊन आली. जुन्या मेणबत्त्यांत भेसळ होती म्हणाली.

तिने माझ्या टॉर्चमधले दोन सेल मागून नेले. घड्याळ बंद पडलं असेल. टॉर्च आता तशीच पडून आहे. पण मला खाली जायचं नाही तर टॉर्च कशाला.

पोटभर जेवलो. आल्बर्टने गंमत केली, बस्त्यावकाकांनी परवानगी दिली वाटतं.

१३ मार्च, गुरुवार

तिसरा दिवस. जळते आहे. पेल्याला काजळी धरत नाही. दारात मेणाचा वासही येत नाही, इतकं शुद्ध मेण. ॲंजेला किती वेळा बदलते कळत नाही, मला ती खाली जाताना दिसली नाही.

आल्बर्ट आज दारातून डोकावून म्हणाला, रस थंडावला वाटतं, मेणबत्ती बघा कशी ठणठणीत. आणि पंखा न लावता उतरला. मी घाबरलो, पण दोन मिनिटांत वर आला. पहिल्या दोन पिंपांतलं उकळणं संपत आलंय, असं म्हणाला.

मी दिवसभर विचार केला. गॅस कमी झाला असेल हे खरं. पण ती परवापासून, सगळं उकळत होतं तेव्हापासून जळते आहे. मग दुसरं कारण असलं पाहिजे. मला एकच सुचतं, आणि ते लिहायचं तर दुसरं आधी लिहावं लागेल. मटिल्डाला हे सांगितलं नव्हतं.

१९६२ साली दोरीला दिवा बांधून सोडणं माझं काम होतं. मी अकरा वर्षांचा होतो. त्या दिवशी दिव्यात तेल नव्हतं. तेल आणायला घरात जावं लागलं असतं, आणि शेजारच्या वाडीत विटीदांडूचा डाव लागला होता, माझी पाळी आली होती. बस्त्याव दुसऱ्या बाजूने पेंढा घेऊन आला. त्याने विचारलं, "दिवा जळतो का रे इनास?" मी म्हटलं, "जळतो."

मी खेळायला गेलो. तो उतरला.

बाबांनी कधी विचारलं नाही. दिवा कोरडा होता हे त्यांनी पाहिलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी तो भरलेला होता. मला शाळेतून काढलं, वाडीत हात कमी पडतात म्हणून. मीही काही बोललो नाही.

आता तिथे मेणबत्ती जळते आहे आणि विझत नाही. बस्त्यावने मला माफ केलं असेल का?

१४ मार्च, शुक्रवार

क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेनंतर फादरांकडे कुमसारला गेलो. त्रेसष्ट वर्षांत पहिल्यांदा हे पाप उच्चारलं. फादर तरुण आहेत, माझे नातू शोभतील एवढे. म्हणाले, अकरा वर्षांचं लेकरू होतात तुम्ही, देवाने त्याच दिवशी क्षमा केली असेल, तुम्हीच घ्यायला आला नाहीत. मेणबत्तीचंही सांगितलं.

परत येताना पाय हलके वाटत होते. रस्त्यात होळीच्या रंगाची पोरं होती, मला निळं केलं. रागावलो नाही.

१५ मार्च, शनिवार

मोठी तोडणी. पहाटेपासून वाडीत अठरा माणसं. ॲंजेलाच्या शाळेतल्या दोन बायका आल्या, कृष्णाबाईने पाड्यावरच्या पाच जणी आणल्या. द्राक्ष कापताना त्या गात होत्या आणि आल्बर्टला चिडवत होत्या, दारूवाल्या शेठ, आम्हाला बाटल्या देनार की नुसतंच पानी पाजनार. तो ओळींमधून धावत होता, तोंड, हात, शर्ट सगळं जांभळं. लग्नातसुद्धा एवढा आनंदात नव्हता.

कोठीत आता नऊ पिंपं आहेत. सात आजच्या द्राक्षांनी गच्च भरलेली. शेवटची बादली ओतली तेव्हा त्याने मला हाताला धरून दारात नेलं आणि म्हणाला, "पप्पा, नाताळला तुमच्या हातून पहिली बाटली उघडायची. बाटलीवरच्या कागदावर तुमच्या बाबांचं नाव टाकणार आहे."

मी मेणबत्तीकडे पाहिलं. जळत होती. मी हो म्हटलं. कोठीला मी पहिल्यांदा हो म्हटलं.

१६ मार्च, रविवार

पिंपं आता कुजबुजत नाहीत, खळखळतात. माझ्या खोलीत ओट्यापलीकडून ऐकू येतं. केळ्यांचा वास घरभर आहे. कृष्णाबाई म्हणाली, इनासदादा, तुमच्या बापाच्या टायमाला असाच वास यायचा. मी म्हटलं, तुलाही येतो ना? म्हणजे मला एकट्यालाच येत नव्हता. बरं वाटलं.

मेणबत्ती जळते आहे. सहा दिवस झाले.

२३ मार्च, रविवार

सोमवारचं लिहायचं आहे. आठवडा झाला, तरी लिहायचं आहे.

१७ तारखेला सकाळी दहाला लाईट गेली. ॲंजेला शाळेत होती. पंखा बंद पडला. आल्बर्ट बागेतून दांडा घेऊन आला. साली फुगून पिंपांच्या काठावर आल्या होत्या, दाबल्या नाहीत तर उतू जातील म्हणाला. मी कोठीच्या दारात पाटावर बसून राहिलेल्या घडांतले सडके मणी काढत होतो. तो माझ्या डोक्यावरून वाकून खाली बघत उभा राहिला. थोडा थांबला. मग म्हणाला, "जळतेय. दहा मिनिटांत येतो."

मी मान वर केली नाही. मीही पाहिलं होतं.

दांड्याचा आवाज आला. ढप, ढप. थांबला. पुन्हा ढप. मग बंद झाला आणि पिंपांचा आवाज राहिला. मी हाक मारली. उत्तर आलं नाही. मला वाटलं, पिंपाला कान लावून बसला असेल, तशी त्याला सवय आहे. मी खाली पाहिलं, मेणबत्ती जळत होती, मी पुन्हा मणी निवडायला लागलो. अजून एकदा हाक मारली. पुन्हा पाहिलं. जळत होती.

आयुष्यभर मी कशाची ना कशाची काळजी केली. आल्बर्ट शाळेतून यायला पाव तास उशीर झाला तर मी रस्त्यावर जाऊन उभा राहायचो. त्या दिवशी अडीच तास मी काळजी केली नाही. मन शांत होतं. मी टोपलीभर मणी निवडले.

साडेबाराला ॲंजेला आली. विचारलं, हा कुठे? म्हटलं, खाली, कामात आहे. किती वेळ? म्हटलं, लाईट गेल्यापासून. पण मेणबत्ती जळते आहे, बाय.

तिने दारातून खाली पाहिलं. तिच्या तोंडून आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. ती पायऱ्यांवर धावली, तिसऱ्या पायरीवर कृष्णाबाईने मागून तिचे केस धरले, हो, केसच धरले, आणि ओढून वर आणलं. जिने कधी पायरीला पाय लावला नव्हता तिने. अग्निशमनची माणसं पाठीवर हवेच्या टाक्या बांधून उतरली. आल्बर्टला वर आणलं तेव्हा त्याचे हात जांभळे होते. मी म्हटलं, द्राक्षांचे आहेत, धुतले की जातील.

बुधवारी मातीला नेलं. बस्त्यावच्या शेजारी जागा होती.

२४ मार्च, सोमवार

चौकीतले साहेब जबाब घ्यायला आले होते. भला माणूस आहे. गॅसचं सगळं समजावून सांगितलं, आल्बर्टने सांगितलं होतं तसंच. मी म्हटलं, साहेब, गॅस असता तर मेणबत्ती विझली असती. बाबांच्या वेळेपासूनची खूण आहे ही. आल्बर्टही तेच बघून उतरला. मी स्वतः पाहिलं, शेवटपर्यंत जळत होती. अजून जळते आहे, हवं तर बघून या.

साहेबांचं पेन थांबलं. कुठली मेणबत्ती, त्यांनी विचारलं. म्हटलं, लाल काचेतली, कोनाड्यातली. कोण ठेवतं? ॲंजेला चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. कप वाजायला लागले.

मी म्हटलं, मी ठेवतो. माझीच आहे.

का तसं म्हणालो, माहीत नाही. मला वाटलं, ती माझ्यासाठीच होती, तेव्हा माझीच. साहेबांनी लिहून घेतलं. ट्रे टेबलावर न ठेवता ॲंजेला आत निघून गेली. साहेब चहा न घेताच गेले. आज ना उद्या कोठी बघायला येतील.

ती आठ दिवस जेवली नाही. माझ्याकडे बघत नाही. मी खोलीत गेलो की उठून जाते. मला वाटायचं, मी हाक मारून गप्प बसलो म्हणून. तेही बरोबरच आहे.

कुमसार करून मी हलका झालो होतो. हलका झालो म्हणून कान बंद झाले. ओझं होतं तेव्हा एक हाक चुकली असती तर मी गाव गोळा केलं असतं. फादरांना हे विचारायचं आहे, पण विचारणार नाही.

२५ मार्च, मंगळवार

दुपारी ॲंजेला कोठीत उतरली. लाईट होती, पंखा चालू होता, कृष्णाबाई दारात दोर धरून उभी होती. ती लाल पेला वर घेऊन आली आणि माझ्या खोलीत येऊन माझ्या दोन्ही हातांत ठेवला. मग जमिनीवर बसली.

ज्योत हलत होती, पण मंद झाली होती. काच गार होती. मी पेला तोंडाजवळ नेला. ऊब नाही, वास नाही. मी फुंकर मारणार होतो. मारली नाही.

ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही पायऱ्यांवर पडलात ना, त्या दिवशी मी..." पुढे तिला बोलता येईना. बाजारात मला हे दिसलं, एवढं म्हणाली. आल्बर्टला सांगणार होते, तोडणीच्या गडबडीत, असं म्हणाली.

मी म्हटलं, "मला सगळं कळलंय, बाय."

तिने वर पाहिलं. आठ दिवसांत पहिल्यांदा. मला मोतीबिंदू आहे, नीट दिसत नाही, पण तिचा चेहरा मला दिसला. विचारलं, "कळलंय?" म्हटलं, "हो. तू सकाळपासून काही खाल्लं नाहीस. पेज गरम कर. दोघं खाऊ."

ती माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून खूप वेळ रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता, दुसऱ्या हातात पेला. मग उठून ती स्वयंपाकघरात गेली. भांड्याचा आवाज आला.

मी पेला आल्तारावर आल्बर्टच्या फोटोपुढे ठेवायला उचलला. मेणबत्ती आत तिरपी झाली होती, ती सरळ करायला बोटं घातली. तळाला अंगठ्याला सेलचं झाकण लागलं, आणि त्याच्या शेजारी एक बारीक बटण. मी ते दाबलं नाही.